सातवा बांगडा

खाला, तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले, आणि अजून सकाळी दहाच्या सुमारास माझं लक्ष फाटकाकडे जातं. पातेलं मी सवयीने ओट्यावर काढून ठेवते. नवरा आतून विचारतो, "आज काय आणलंय तिनं?" मग त्याचं त्यालाच आठवतं आणि तो पेपर तोंडासमोर धरतो. आम्ही दोघं आता अशा वयाला आलोय की एकमेकांचं विसरणं ऐकलंच नाही असं दाखवतो. मी पातेलं परत फळीवर ठेवून देते.

अठ्ठावीस वर्षं तू बंदरावरच्या मिरकरवाड्यातून पाटी डोक्यावर घेऊन आमचा चढ चढलीस. सगळ्या आळीला तू हमिदा मच्छीवाली होतीस, मला खाला, मावशी. मी साताऱ्याकडून लग्न होऊन आलेली, घरात मासा कधी शिजलेला नाही. तुझ्या पहिल्याच दिवशी मी शहाणपणाने विचारलं होतं, "ताजा आहे ना हा?" तू पाटी खाली ठेवलीस, माझं बोट धरलंस आणि सरळ बांगड्याच्या कल्ल्यात घातलंस. "बघ. लाल हाय काय? चिकट लागतो काय? आता तूच सांग." मला उमासा आला. तू इतकी हसलीस की शेजारच्या गच्चीवर वाळवण घालणारी बाई वाकून बघायला लागली. "वकायचं तर त्या बाजूला वक गो घाटावरच्ये, माज्या मासळीवर नको."

त्यानंतर मला मासे तूच शिकवलेस. मांदेली कशी साफ करायची, सौंदाळ्याच्या आमटीत त्रिफळं किती टाकायची, कुठला मासा आजारी माणसाला चालतो. माझ्या सासूने जे शिकवायला हवं होतं ते तू पायरीवर बसून शिकवलंस, आणि सासूपेक्षा कमी बोलून. माझ्या मुलीला पहिल्यांदा काटे काढलेला मासा तूच तुझ्या बोटांनी भरवलास. ती आता परदेशात डब्यातला मासा खाते आणि फोनवर सांगते की चव नाही.

तुझ्या धंद्याचे दोन रिवाज होते, आणि दोन्ही न बोलता पाळायचे. सौदा ठरला, वाटा पातेल्यात पडला, की तू पाटीत हात घालून एक मासा वर टाकायचीस. त्याला सगळ्या आळीत 'वरचा' म्हणत. वरचा मागायचा नसतो आणि त्याबद्दल काही बोलायचंही नसतं. तो सगळ्यांना मिळत नसे. जे घर तू आपलं मानलंस, त्या घराला वरचा. आमच्या आळीत अशी घरं तीन होती, आणि त्यातलं एक माझं आहे याचा मला फार तोरा होता.

दुसरा रिवाज पाटीचा. भरली पाटी एकटीच्याने डोक्यावर जात नाही. निघताना घरातल्या बाईने एका बाजूने हात द्यायचा. तू खाली वाकायचीस, मी पाटी उचलायचे, मध्येच कुठेतरी आपली डोकी जवळ यायची, आणि तुझ्या अंगाचा मीठ आणि तंबाखूच्या मिश्रीचा वास यायचा. माझे गुडघे गेल्यावरही मी खुर्चीचा आधार घेऊन तेवढं करायचे. डॉक्टरने वाकू नका सांगितलं होतं. हे मी तुला कधी कळू दिलं नाही.

आता जे लिहायचं ते लिहिते.

माझी आई गेली तेव्हा मी साताऱ्याहून पंधरा दिवसांनी परत आले. घरात कुणासमोर रडता येईना. तू आलीस, पावसाळा होता, बोटी बंद, पाटीत सुकट आणि बोंबील. मी पायरीवर बसून रडले. तू मला रडू दिलंस. मग म्हणालीस, "तुना रडायला मानूस मेलेला तरी हाय, बाय. माजा जिता हाय."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. तुझा मुलगा मुनाफ तीन वर्षांचा असताना तुझा नवरा कुवेतला कामाला गेला. दोन वर्षं पत्रं आली. मग त्याच्याबरोबरचा एक माणूस सुट्टीवर आला आणि तुला बाजूला घेऊन म्हणाला, त्याने तिथे दुसरा संसार मांडलाय, तो आता यायचा नाही. तू घरी गेलीस आणि मिरकरवाड्यात सांगितलंस की तो मेला. त्या माणसाने तुझा शब्द राखला. नवरा गेलेल्या बाईने चार महिने दहा दिवस घरात बसायचं असतं, तशी तू बसलीस. "जित्या मानसाची इद्दत काडली मी," तू म्हणालीस. "बापानं टाकलेला पोर, असं कोन म्हनायला नको माज्या मुनाफला. बाप मेलेला पोर म्हनूदेत." हे तू कुणालाच सांगितलं नव्हतंस. मला सांगितलंस, कारण मी रडत होते आणि तुझ्याजवळ त्या वेळी मला द्यायला दुसरं काही नव्हतं.

आणि मी ते छापलं.

लगेच नाही. सात-आठ वर्षं सांभाळलं. पण मी इथल्या पेपरात दर रविवारी लिहीत होते, आणि त्या आठवड्यात सुचत काही नव्हतं. पन्नाशी ओलांडल्यावर लिहिणाऱ्या माणसाला एक भीती बसते की आता आपल्याकडे काही उरलं नाही. त्या भीतीत मी तुझ्यावर लिहिलं. नाव बदललं, गाव बदललं, कुवेतचं मस्कत केलं. पण तुझ्या डोक्यावरची चुंबळ तशीच ठेवली. बाकीच्या बायका जुन्या लुगड्याची चुंबळ करतात. तुझी निळ्या नायलॉनच्या फाटक्या जाळ्याची होती, आणि तशी चुंबळ अख्ख्या रत्नागिरीत तुझ्याखेरीज कुणाची नव्हती. मला हे माहीत होतं. ते वाक्य मी दोनदा खोडलं आणि दोनदा परत घातलं, कारण ते चांगलं जमलं होतं.

आणखी एक कबूल करते. सासूने तुझ्यासाठी वेगळा कप ठेवला होता, ती गेल्यावर मी तो फेकून दिला आणि तुला आमच्याच कपातून चहा द्यायला लागले. हेही त्या लेखात होतं. तुझं दुःख छापता छापता मी स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. लेख फार आवडला लोकांना. बँकेत, दवाखान्यात माणसं थांबवून सांगत होती. दोन बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी तीन दिवस हवेत होते.

तुला वाचता येत नव्हतं. तुझ्या सुनेने, नफिसाने वाचलं, आणि तिने वाचायच्या आत वाड्यातल्या चौघांनी वाचलेलं होतं. तू आठ दिवस आली नाहीस. आलीस ती फाटकाशीच थांबलीस, पायरीपर्यंत आली नाहीस. मी चहा आणला. "नको. घशाशी येतो हल्ली," तू म्हणालीस. मग आपलं एकच भांडण झालं, तेही बांगड्यांचे वाटे लावता लावता.

मी म्हटलं, "खाला, मी नाव लिहिलं नव्हतं."

"नाव नाय लिवलंस. चुंबळ लिवलीस ना?"

"तू काय सोसलंस ते लोकांना कळायला हवं असं मला वाटलं."

"लोकांना कशाला? सोसलं मी." तू सहा बांगडे पातेल्यात टाकलेस. "पोराला मी सांगनार व्हती. माज्या तोंडानं. मरायच्या आदी कवातरी. ता तू आदीच सांगितलंस."

 चुकले, एवढा एकच शब्द होता. तो मला आला नाही. मी वाट बघत होते की तू आणखी काही बोलशील, रागावशील, शिव्या देशील, मग मला रडता येईल आणि सगळं मिटेल. तू सुरी पुसलीस. पातेल्यात सहाच बांगडे होते. तू पाटीला हात लावलास, मी दुसऱ्या बाजूने उचलली, आणि तू गेलीस.

मुनाफ एकदा आला होता, हे तुला माहीत आहे की नाही मला ठाऊक नाही. ट्रॉलरवरून उतरून तसाच आला असावा, कपड्यांना डिझेलचा वास येत होता. पन्नाशीच्या जवळ आलेला माणूस, फाटकाबाहेर उभा. आत ये म्हटलं तर आला नाही. "तुमाला आनकी कायतरी सांगितलान काय तिनं?" त्याने विचारलं. "कुटं रव्हतो तो? हाय काय अजून?" मला काहीच माहीत नव्हतं. तसं सांगितलं. त्याने मान हलवली आणि चढ उतरून गेला. त्याची पाठमोरी चाल थेट तुझ्यासारखी होती. त्यानंतर दोन महिने तो बोटीवरच झोपत होता, घरी जेवायला येत नव्हता, हे मला दुसऱ्या मच्छीवालीकडून कळलं. मी रविवारचं लिहिणं बंद केलं. डोळे दुखतात असं पेपरात कळवलं.

तू येणं मात्र बंद केलं नाहीस. हेच मला समजत नसे. दुसरी एखादी आमचं घर टाकून गेली असती. तू येत राहिलीस, चांगला मासा देत राहिलीस, माझ्या गुडघ्याचं विचारलंस, मुलीचं विचारलंस. फक्त गोष्टी बंद झाल्या आणि वरचा बंद झाला. सहा म्हणजे सहा. पहिलं वर्षभर मी रोज पातेल्यात बघायचे. तू गेल्यावर ओट्याशी उभी राहून मोजायचे, परीक्षेचा निकाल बघावा तशी. दुसऱ्या वर्षी कधीकधी मोजायचे. तिसऱ्या वर्षी मोजणं सुटलं. माणसाला कशाचीही सवय होते, म्हातारपण म्हणजे बहुतेक तेवढंच. चार वर्षांत रोज सकाळी मला वाटायचं, आज बोलू. मग तू यायचीस, मी पातेलं पुढे करायचे, आणि आपण दोघी बर्फ महाग झालाय यावर बोलायचो.

या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या तेव्हा तू थकलेली दिसलीस. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं राहिलं होतं. चढावर तीनदा थांबायचीस. मला एकदा शेजारणीच्या नावाने हाक मारलीस. एकदा बांगडे म्हणून सौंदाळे काढायला लागलीस आणि स्वतःवरच चिडलीस. एकदा सहाचे पाच पडले, मी सांगितल्यावर "या अल्ला" म्हणून कपाळावर हात मारून घेतलास. त्यानंतर मी परत मोजायला लागले. आता आशेने नाही. तू चुकू नयेस म्हणून, आणि चुकलीस तर हळूच सुधारता यावं म्हणून. तुझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान आहे, तेवढ्यावर मला स्वतः फार सावध असल्यासारखं वाटत होतं.

त्या सोमवारी तू आठवडाभर ताप काढून आली होतीस. ओठ सुकलेले होते. पायरीपर्यंत आलीस आणि बसलीस, चार वर्षांत पहिल्यांदा. हे मी तेव्हा बघितलं, पण मला वाटलं, दमली असेल. मी चहा विचारणार एवढ्यात फोन वाजला. दिवाळी अंकवाले होते, माझ्या लेखाची मुद्रितं अडली होती. मी खांदा आणि कानाच्या मध्ये फोन धरला आणि पातेलं पुढे केलं. तू एकेक बांगडा टाकलास. सहा झाले. मग तू क्षणभर थांबलीस, पाटीत हात घातलास, चाचपून एक मोठा बांगडा काढलास आणि वर ठेवलास. नेहमीसारखा टाकला नाहीस, ठेवलास.

मी फोनवर म्हटलं, एक मिनिट हं. आणि तुला म्हटलं, "खाला, मोजायला चुकलीस. हा सातवा." बांगडा शेपटीला धरून मी तुझ्या पाटीत परत ठेवला. वर हसले. म्हातारीचं नुकसान होऊ दिलं नाही म्हणून मनात बरंही वाटलं.

तू त्या बांगड्याकडे बघत राहिलीस. मग हात पदराला पुसलेस. "हां," तू म्हणालीस. "चुकली आसन."

त्यानंतर आठवड्याभरात तू गेलीस. मच्छीवालींपैकी एकीने फाटकातून ओरडून सांगितलं, "तुमची हमिदाखाला खपली हो!" आणि ती पुढच्या घराला गेली, तिचा बर्फ वितळत होता. मी तिसऱ्या दिवशी तुझ्याकडे गेले. अठ्ठावीस वर्षांत तुझ्या घरी पहिल्यांदा. तू रोज माझ्या दारात येत होतीस, म्हणून मला कधी यावं लागलं नव्हतं. बंदरात लिलाव चालू होता, दर ओरडून सांगत होते, बर्फाच्या गाड्या हॉर्न मारत होत्या, आणि तुझ्या दोन खोल्यांत बायका शांत बसल्या होत्या. त्यांनी मला जागा करून दिली.  त्यातल्या निम्म्यांना मी कोण ते नक्की माहीत होतं. खिळ्याला तुझी निळी चुंबळ टांगलेली होती.

नफिसा मला मागच्या ओटीवर घेऊन गेली. तिने आवाज चढवला नाही. ती म्हणाली, "ताई, एक इचारू? तुमी वरचा परत का केलात?"

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणते ते.

"त्या दिशी तुमच्याकडना आयली ती तशीच बसून रव्हली. मी म्हटलं, अम्मी, बांगडा कुनासाटी ठेवलास? तर बोलली, बायला वर घातला व्हता. नाय घेतलान तिनं. परत केलान. मंग बोलली, मीच उशीर केला. त्या बांगड्याला हात नाय लावलान. दुसऱ्या दिशी मांजरीला घातला."

मी तिला सांगितलं, मला वाटलं ती चुकली. नफिसाने माझ्याकडे बघितलं. "वरचा घालताना ती कवा चुकली नाय, ताई. ताप आसला तरी." एवढं बोलून ती आत चहा ठेवायला गेली. तुमच्याच कपांतल्या एका कपातून मी तो चहा प्यायले.

तेव्हापासून मी हेच उलटंपालटं करते आहे. चार वर्षं मी तुझ्याकडून क्षमेची वाट बघितली आणि स्वतः ती एकदाही मागितली नाही. तू न मागता ती आणून माझ्या पातेल्यात ठेवलीस, आजारातून उठून, एवढा चढ चढून. मी ती शेपटीला धरून परत केली. आणि तू गेलीस ती हे घेऊन, की मीच नको म्हटलं. यावर काही करता येत नाही. लोक सांगतात, तिला कळलं असेल. कुठून कळलं असेल? तू तर म्हणालीस, मीच उशीर केला. खाला, उशीर तुझा नव्हता.

चुकले. बघ, आता येतोय शब्द. सरसर येतोय. आता तो ऐकायला पायरीवर कुणी नाही.

तुझ्याबद्दल परत कधी काही लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण मला दुसरं काही येत नाही. म्हणून काल लिहिलेलं घेऊन पुन्हा मिरकरवाड्यात गेले आणि नफिसाला आणि मुनाफला वाचून दाखवलं. मुनाफ दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. आधी विचारलं, छापू का? त्याने नफिसाकडे बघितलं. नफिसा म्हणाली, "छापा. पन ह्या टायमाला आमचं नको, तुमचं लिवा." मी म्हटलं, माझंच आहे. वाचून झाल्यावर तिने तुझ्या नवऱ्याबद्दलची दोन वाक्यं काढायला सांगितली. मी तिच्यासमोर खोडली. या वेळी परत घातली नाहीत.

मग ती म्हणाली, "आनि एक सोडलंत तुमी."

मी म्हटलं, काय?

"अम्मीनं मना सगला सांगितलान त्या दिवसाचा. ता पन घाला."

तर घालते. त्या सोमवारी तू "चुकली आसन" म्हणालीस, वाकलीस, आणि पाटीला एका बाजूने हात लावून थांबलीस. मी फोनवर बोलत होते. तू बराच वेळ तशी वाकून थांबली होतीस. मी हात दिला नाही. मग तू पाटी ओढत फाटकालगतच्या दगडी गडग्यापर्यंत नेलीस, कशीबशी त्याच्यावर चढवलीस, खाली बसून डोकं तिच्याखाली घातलंस आणि एकटी उठलीस.